हरताळ आणि काकपद

‘दिलेल्या वचनाला हरताळ फासला’, ‘नियमांना हरताळ फासण्यात आला’ अशी वाक्ये आपण वृत्तपत्रांत नित्य वाचतो. या हरताळाचे मूळ नाते पोथीशी आहे, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही. हरताळ हे एक पिवळे खनिज द्रव्य. पोथी लिहिताना लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले, की तो त्यावर हरताळाचा लेप देई आणि लेप वाळल्यावर त्याच जागी नवे अक्षर लिही. पोथीच्या पिवळसर कागदात तो लेप मिसळून जाई. खाली काय होते, हे पुढच्या वाचकास कळण्याचे कारण उरत नसे.

त्याच लेखनिकाजवळ दुसरीही एक युक्ती असे. एखादे अक्षर वा शब्द लिहावयाचा राहून गेला, तर ओळीत त्या ठिकाणी कावळ्याच्या पावलासारखी खूण करून राहिलेला मजकूर तो समासात लिही. या खुणेस काकपद म्हणत. हरताळाने चूक झाकली जाते, काकपदाने ती उघडपणे मांडली जाते. दोन्ही साधने एकाच दौतीशेजारी असत, आणि कोणते केव्हा उचलावे हा लेखनिकाच्या विवेकाचा प्रश्न असे. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची प्रत करणाऱ्यास हरताळ वापरण्याचा अधिकार कितपत आहे, हा त्यातला जुना नैतिक प्रश्न. आयुष्याच्या उत्तरार्धात, तेही संगणकासमोर बसून, या प्रश्नाशी आमची गाठ पडेल असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

झाले ते असे. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी घाट चढून निपाणीस आले व तंबाखूच्या व्यापारात स्थिरावले. आमच्या आजोबांची वखार होती. त्यांच्या मागे अकरा बांधीव वह्या राहिल्या. पहिल्या सात मोडीत लिहिलेल्या रोजकीर्दी, नंतरच्या चार बाळबोध लिपीतील रोजनिश्या. वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावरील पेटीत अशा वह्या असतीलच. मोडी वाचणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत सरली. या वह्यांची शुद्ध, वाचनीय प्रत करून ठेवणे हे आपले ऋण आहे, असे आम्ही सेवेत असतानाच ठरवले होते.

त्याप्रमाणे 2003 साली आम्ही घरच्या संगणकावर त्या वेळी प्रचारात असलेल्या एका मराठी फाँटात चार बाळबोध वह्या टंकलिखित केल्या. एकूण 140 पृष्ठे झाली. छापील प्रत देखणी आली, तिच्या झेरॉक्स प्रती नातलगांना वाटल्या आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात आम्ही ती फाइल एका तबकडीवर ठेवून दिली. सोळा वर्षांनी नव्या संगणकावर ती उघडली, तेव्हा पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि उद्गारचिन्हे यांचा एक अर्थहीन ढीग तेवढा होता. आजोबांची रोजनिशी कोणी चोरली नव्हती, जाळली नव्हती, तिला वाळवीही लागली नव्हती. ती तिथेच होती आणि तरीही नव्हती.

थोरल्या बंधूंची कन्या बंगळुरात संगणकक्षेत्रात काम करते. तिने दूरध्वनीवरून उलगडा केला, “काका, त्या यंत्राला तुम्ही मराठी लिहिताय हे कधी माहीतच नव्हतं.” तिचे म्हणणे पुढे सविस्तर कळले ते असे. त्या जुन्या फाँटात ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवले जात नसे. यंत्र एखादे रोमन अक्षरच साठवी आणि फाँट त्यावर ‘क’चे चित्र चढवी. फाँट काढून घेतला, की मूळ रोमन अक्षर उघडे पडे. याउलट 1991 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या सर्वमान्य संकेतात प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. फाँट कोणताही असो, त्या क्रमांकाचे अक्षर ‘क’च राहते.

यातला एक बारकावा आम्हांस फार विचार करावयास लावणारा वाटला. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते. उच्चारात मात्र आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’. जुन्या फाँटांत वेलांटी आधी साठवली जाई, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ‘क’ आधी साठवला जातो, कारण तो जिभेवर आधी येतो. पडद्यावर दोन्ही ‘कि’ सारखेच दिसतात. एकात केवळ रूप जपलेले असते, दुसऱ्यात वर्ण जपलेला असतो, आणि कोणते खरे टिकाऊ हे कळण्यास सोळा वर्षे जावी लागतात.

आपल्या वाङ्मयेतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडून भ्रष्ट होऊ नयेत म्हणून सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परिणामी मराठी गद्याचा तो आद्य ठेवा कित्येक शतके पंथाबाहेरील मराठी वाचकाला अज्ञात राहिला, आणि विसाव्या शतकात त्या लिप्यांचा उलगडा अभ्यासकांपुढे आल्यावरच तो खुला झाला. पण महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून लावले होते आणि किल्ली गुरुशिष्यपरंपरेने सांभाळली होती. आम्ही कुलूप लावले हेच आम्हांस ठाऊक नव्हते, मग किल्ली कोण सांभाळणार! पुतणीने रूपांतराच्या एका साधनाने बराचसा मजकूर सोडवून दिला, तरी रफार आणि जोडाक्षरांचा घोळ उरलाच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद त्या साधनास उमगेना. 140 पृष्ठे पुन्हा मूळ वहीशी ताडून पाहावी लागली.

या अनुभवाने शहाणे होऊन आम्ही दुसऱ्या खेपेस आधी साधनांचा विचार केला. पुतणीने सुचवले, की नेहमीच्या शब्दसंस्कारकात न लिहिता खुणांच्या भाषेत, म्हणजे ज्यास मार्कअप म्हणतात त्या पद्धतीने लिहावे. हा शब्द मुळात छापखान्यातलाच आहे. हस्तलिखित खिळे जुळवणाऱ्याकडे जाण्यापूर्वी संपादक समासात सूचना लिही, की हा मथळा मोठ्या टायपात, हे अवतरण आत सरकवून. त्याच सूचनांचा हा वंश. 1969 साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी त्यात एक मूलगामी बदल केला. गोल्डफार्ब हे शिक्षणाने वकील, आणि काम होते कायदेविषयक कागदपत्रे संगणकावर ठेवण्याचे. मजकुरावर ‘हे ठळक करा’ अशी आज्ञा लिहिण्याऐवजी ‘हा मथळा आहे’ अशी ओळख लिहावी, तो कसा दिसावा हे छापताना ठरवता येईल, हा तो विचार. याच बीजातून 1986 साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यातून महाजालाची एचटीएमएल ही भाषा निघाली आणि 1998 साली एक्सएमएल मान्य झाली.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत तीसहून अधिक वर्षे कन्नडातून टिपण्या लिहिल्या. ज्यास कन्नडात कडत म्हणतात त्या फाइलीच्या जगात वावरलेल्या माणसास ही कल्पना परकी वाटू नये. फाइलीत टिपणी वेगळी, पत्रव्यवहार वेगळा, कंडिकांना क्रमांक आणि प्रत्येक मताखाली सही व तारीख. कागद मळका असो वा कोरा, कोणता मजकूर प्रस्ताव आहे, कोणता अभिप्राय आणि कोणता आदेश, हे त्यावरून कळलेच पाहिजे. नोंदवहीत चूक झाली तर एक रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी दुरुस्ती लिहून सही करावी, खरडू नये, पांढरी शाई लावू नये, हे आम्हांस नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवले गेले. तेव्हा ती कारकुनी शिस्त वाटली. तिच्यात नीती आहे हे उमजावयास निवृत्तीची वाट पाहावी लागली.

आता साधनांविषयी थोडे. छापील प्रतीसाठी आम्ही ‘टेक’ या प्रणालीचा आश्रय केला. तिचा कर्ता डोनाल्ड नुथ हा तेव्हा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्राध्यापक होता. 1977 साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून त्यास इतका विषाद वाटला, की त्याने आपले संशोधन बाजूस ठेवून अक्षरजुळणीची प्रणालीच लिहावयास घेतली आणि ती सर्वांना विनामूल्य दिली. तिच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक सुधारणेबरोबर ‘पाय’ या गणिती संख्येच्या एकेक अंकाने जवळ जातो, म्हणजे 3.14, 3.141 असा. पूर्णत्व जवळ येते, पण हाती लागत नाही, अशी ती कबुली आहे. आपल्या ग्रंथातील नवी चूक दाखवून देणाऱ्यास हा गृहस्थ 2 डॉलर 56 सेंटांचे बक्षीस देऊ लागला आणि टेकमधील चुकांची यादीही त्याने स्वतःच प्रसिद्ध केली. आमच्या सेवाकाळात वरिष्ठांची चूक दाखवणाऱ्यास बक्षीस मिळाल्याचे आठवत नाही, बदली मिळाल्याचे मात्र आठवते. असो.

ही प्रणाली रोमन लिपीसाठी जन्मली. तिच्यात देवनागरी आणली ती नेदरलंड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी, 1991 साली. त्या पद्धतीत देवनागरी मजकूर रोमन अक्षरांत लिहून द्यावा लागे. 2004 साली जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ आणले आणि युनिकोडमधील मराठी थेट लिहिण्याची सोय झाली. पुतणीच्या सूचनांबरहुकूम आम्ही टेकचा सारा संच संगणकावर उतरवून घेतला, मुंबईच्या आयआयटीने विनामूल्य दिलेला ‘शोभिका’ हा फाँट बसवला आणि एक साधा मजकूर-संपादक घेतला. यात ठळक-तिरप्याची बटणे नाहीत, नुसती अक्षरे. पहिल्या दिवशी कागदावर ओळीने रिकामे चौकोन उमटले, कारण कोणता फाँट घ्यावयाचा हे आम्ही सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी अक्षरे आली, पण जोडाक्षरे तुटलेली आणि ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे लोंबकळत होत्या. फाँटच्या नावापुढे ‘लिपी देवनागरी’ एवढे सांगावयाचे राहिले होते. ते सांगताच सगळ्या वेलांट्या मुकाट्याने आपापल्या जागी जाऊन बसल्या. यंत्राला गृहीत काही कळत नाही. जे आहे ते नाव घेऊन सांगावे लागते. आठवडाभर या गोष्टीचा आम्हांस राग येत होता. पुढे तिच्यातच या साधनाचा मोठा गुण दिसू लागला.

कारण छापणे हा भाग सोपा होता. खरा प्रश्न होता आजोबांचा मजकूर आणि आमचा मजकूर यांतील सीमा राखण्याचा. जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रतींसाठी 1987 साली सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या विद्वानांच्या उपक्रमाने एक्सएमएलमध्ये खुणांची एक विस्तृत संहिता सिद्ध केली आहे. मूळ लेखकाने खोडलेले, मागाहून ओळीत भरलेले, अस्पष्ट असलेले, कागद फाटल्याने गेलेले, संपादकाने अंदाजाने पुरवलेले, अशा प्रत्येक प्रकारास तीत स्वतंत्र खूण आहे. शिवाय हे वाचन कोणाचे आणि त्यास त्याची कितपत खात्री आहे, हेही प्रत्येक खुणेत नमूद करता येते. एक्सएमएलमध्ये खुणांची नावे देवनागरीतही लिहिता येतात. त्यामुळे आम्ही कोनी कंसांत ‘खोडले’, ‘भरले’, ‘अस्पष्ट’, ‘गहाळ’, ‘पुरवले’ अशीच नावे योजली. पोथीच्या लेखनिकापाशी दोन उपाय होते, आमच्यापाशी पाच झाले.

आपल्याकडे या विवेकाची परंपरा थोर आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या मिसळू नयेत अशी ताकीद दिली. पावणेतीनशे-तीनशे वर्षांत लेखनिकांच्या हातून किती अपपाठ शिरले असतील, याची कल्पना त्यावरून येते. बहुतेकांचा हेतू वाईट नसेल. कोणाला शब्द जुना वाटला, कोणाला ओवी अपुरी वाटली. पोथीच्या अखेरीस लेखनिक नम्रपणे लिहून ठेवी, की जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, दोष माझा मानू नये. ते वचन नम्र खरेच, पण त्यात जबाबदारी झटकण्याची सोयही आहे. कोठे ‘जसे पाहिले’ आणि कोठे ‘जसे वाटले’, हे वाचकास कळावे कसे?

सीमाभागातील माणसास तर हा प्रश्न प्रत्येक पानावर भेटतो. आजोबांच्या वह्यांत कोठे ‘बेळगांव’ आहे, कोठे ‘बेळगाम’. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. ‘शहापूर’ हे तर त्यांच्या लेखी परक्या मुलुखातले गाव, कारण ते सांगली संस्थानात होते. 1948 च्या विलीनीकरणापूर्वी तिथे माल पाठवणे म्हणजे दुसऱ्या राज्यात पाठवणे. आज शहापूर बेळगाव शहरात मिसळून गेले आहे. प्रतीत सर्वत्र एकच रूप लिहावे, तर आजोबांच्या जगाचा नकाशाच पुसला जातो. जसेच्या तसे ठेवून काही न सांगावे, तर नव्या वाचकास ही तीन गावे वाटतात. खुणेच्या पद्धतीत लिहिलेले रूप मजकुरात राहते आणि आजचे अधिकृत नाव खुणेत राहते. कोणालाही पुसावे लागत नाही. नावांवरून ज्यांनी आयुष्यभर वाद ऐकले, त्यांना या व्यवस्थेतील शहाणपण वेगळे सांगावयास नको.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. 1939 सालच्या मोडी रोजकीर्दीत एक नोंद आहे. वखारीत पावसाचे पाणी शिरून तंबाखूची काही पोती भिजली. त्या नुकसानीपोटी तंबाखू चाळणाऱ्या सात बायांची तीन आठवड्यांची मजुरी रोखून धरली. दिवसाला चार आणे, आठवड्याचे सहा दिवस, एकूण 31 रुपये 8 आणे. खाली सातही जणींची नावे आहेत, नुसती पहिली नावे. आणि या साऱ्या नोंदीवर त्याच शाईची एक आडवी रेघ मारलेली आहे. खालचे अक्षर स्पष्ट वाचता येते.

आमच्या घरात आजोबांची ख्याती अशी, की गरिबाची पैदेखील त्यांनी ठेवून घेतली नाही. लहानपणी हे वाक्य आम्ही इतके ऐकले आहे, की ते त्यांच्या तसबिरीखाली लिहिल्यासारखे वाटते. ती नोंद लावली त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. सकाळी थोरले बंधू अण्णा यांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खोडलंय ते खोडलंय की रे. त्यांनी स्वतः खोडलं. ते उघडं करणारा तू कोण?”

अण्णांचा मुद्दा भावनेचा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. लेखकाने जे मागे घेतले, ते त्याच्या मुखी पुन्हा घालणे हा अन्यायच आहे. आपण सारेच मनात येते ते बोलून टाकतो आणि मग शब्द परत घेतो. परत घेतलेला शब्द तितकाच आपला मानला, तर पश्चात्तापाला अर्थ काय राहिला? शिवाय मेलेला माणूस खुलासा करावयास येत नाही. हयात माणसाच्या बाबतीत आपण जो संकोच पाळतो, तो मृताच्या बाबतीत अधिक पाळावा, हे आम्हांसही मान्य आहे.

पण त्या नोंदीत एकट्या आजोबांचा मजकूर नाही. तीत सात नावे आहेत. त्या बायांनी रोजनिशी लिहिली नाही, त्यांच्या नावे सातबारा नव्हता, त्यांची तसबीर कोणाच्या भिंतीवर असण्याचा संभव नाही. आमच्या आतापर्यंत वाचून झालेल्या वह्यांत तरी त्यांची नावे याच एका ठिकाणी आली आहेत, तीही मजुरी रोखल्यामुळे. ती नोंद गाळली, तर आजोबांची चूक झाकली जाईल आणि त्या सात जणी दुसऱ्यांदा गमावतील. आधी मजुरी गेली, मग नाव. खोडणाऱ्याला आपले शब्द मागे घेण्याचा हक्क असेल, दुसऱ्याच्या नावावरचा हक्क त्यास कोणी दिला? आणि त्याला नसलेला हक्क त्याच्या नातवास कोठून येणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आजोबांपाशी काळ्या शाईची दौत होती. त्यांना हवे असते, तर सारी नोंद काळी करता आली असती, पान फाडता आले असते. त्यांनी वाचता येईल अशी एकच रेघ मारली. आम्हांस नोकरीत शिकवलेली रीत ती हीच. ज्याने हरताळ फासला नाही, त्याच्या वतीने तो आम्ही फासणे हा त्याचाही सन्मान नव्हे.

येथे एक मोह मात्र आवरावा लागला. ‘पश्चात्ताप होऊन खोडले व मजुरी चुकती केली’ असे समासात लिहावे, असे फार वाटत होते. लिहिले असते, तर घराण्याची ख्यातीही राखली गेली असती आणि सत्याचे दर्शनही घडले असते. पण ती रेघ कशाची? पश्चात्तापाची, लाजेची, की हिशेब दुसऱ्या वहीत नेल्याची? हे रेघ सांगत नाही. ‘पुरवले’ ही खूण लावताना ‘कोणी’ आणि ‘किती खात्रीने’ या दोन रकान्यांत काय भरावे, येथे आमचा हात थांबला. खात्री शून्य होती. सातांपैकी एका नावाचे पहिले अक्षर ‘स’ आहे की ‘म’, हेही आम्हांस ठरवता आलेले नाही. तिथे ‘अस्पष्ट’ अशी खूण करून दोन्ही वाचने दिली आहेत. अंदाजाने एक नाव पक्के करावे, तर कदाचित ती बाई आमच्याच हातून पुसली जाईल.

साधनाने माणूस प्रामाणिक होतो, असे आमचे म्हणणे नाही. सुबक खुणा लावूनही धडधडीत खोटे लिहिता येते, आणि साध्या पेन्सिलीने खरे लिहिणारे लोक आपण पाहिले आहेत. प्रत्येक खूण हा एक निवाडाच असतो, आणि जिवंत माणसाचे बोलणे रकान्यांत बसवताना त्याचा जीव जाण्याचे भय असतेच. रोजनिशीतील एखादा उसासा कोणत्या खुणेत बसवणार? परंतु हे साधन एक काम करते. प्रत करणारा जेथे नकळत हरताळ उचलतो, तेथे ते त्याचा हात क्षणभर धरते आणि विचारते, की हे कोणाचे शब्द आहेत? उत्तर देणे न देणे माणसाकडेच राहते. निदान प्रश्न विचारला गेला नाही, अशी सबब उरत नाही.

शेवटी तोड पुतणीने काढली. ती अण्णांना म्हणाली, “बाबा, तुमची हरकतही त्यातच नोंदवू या, तुमच्या नावानं.” अण्णांनी दोन दिवस घेतले आणि एक वाक्य सांगितले: ‘खोडणाऱ्याचा हेतू आम्हांस ठाऊक नाही; पण त्याने खोडले, हे वाचणाऱ्याने विसरू नये.’ ते वाक्य त्यांच्या आद्याक्षरांसह व तारखेसह टिपेत घातले आहे. त्याखाली आमची टीप आहे, आमच्या आद्याक्षरांसह. छापील प्रतीत ती नोंद आडव्या रेघेखाली, वाचता येईल अशी उमटते. सात नावे तिथे आहेत. निपाणीत आज त्यांची नातवंडे-पणतवंडे असतील, कदाचित आम्ही रोज ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्यावर.

सात मोडी वह्यांपैकी पाच लावून झाल्या आहेत. मजुरी मागाहून दिल्याची नोंद त्यांत कोठे मिळालेली नाही. दोन वह्या वाचावयाच्या उरल्या आहेत. दररोज सकाळी दोन पाने होतात.